टी-टेस्ट: हळदीच्या नऊ पाकिटांवरून पडणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागेत माझ्या घरी संध्याकाळी संख्याशास्त्राची शिकवणी असते. बी.एस्सी.ची मुलं येतात, बी.कॉम.ची येतात, एम.बी.ए. करणारे दोघं-तिघं नोकरीवरून थेट येतात. टी-टेस्टचा धडा आला की दर वर्षी तेच प्रश्न येतात, आणि निम्मे परीक्षेच्या आदल्या रात्री फोनवर. म्हणून एकदाचं लिहून काढलं. क्रम पुस्तकाचा नाही. मुलं ज्या क्रमानं अडतात, तोच ठेवलाय.

उदाहरण शेवटपर्यंत एकच धरते. माझ्या मामेभावाचं हळद-मसाल्याचं छोटं कांडप आहे. पाकिटावर ‘निव्वळ वजन ५०० ग्रॅम’ छापलेलं असतं, भरणी यंत्रानं होते. एका गिऱ्हाइकानं ‘पाकीट हलकं लागतंय’ म्हटल्यावर त्यानं दिवसभराच्या मालातून अधूनमधून एकेक अशी नऊ पाकिटं बाजूला काढली आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आणून मांडली. रिकाम्या पिशवीचं वजन वजा करून आलेले आकडे, ग्रॅममध्ये:

४९७, ५०२, ४९५, ४९९, ४९३, ४९८, ५०१, ४९४, ४९४

मॅडम, सरासरी ४९७ आली. ५००पेक्षा कमी हे दिसतंयच. मग टेस्ट कशाला?

कारण ही सरासरी नऊ पाकिटांची आहे, आणि आपल्याला विचारायचंय यंत्राबद्दल. यंत्र दिवसाला शेकडो पाकिटं भरतं. उद्या दुसरी नऊ उचलली असती तर सरासरी ४९८.५ आली असती, कदाचित ५००.२ही. प्रश्न असा, की यंत्र बरोबर ५००वर लावलेलं असूनही केवळ उचलण्याच्या योगायोगानं ४९७ येऊ शकते का? तीन ग्रॅमचा फरक मोठा की छोटा हे ‘तीन’ या आकड्याकडे नुसतं बघून कळत नाही. सगळी पाकिटं ४९६ ते ४९८च्या आत असती तर तीन ग्रॅम म्हणजे डोंगर. ४७० ते ५२० अशी विखुरलेली असती तर तेच तीन ग्रॅम किस झाड की पत्ती.

म्हणजे टी नेमकं काय मोजतो?

तो अपूर्णांक आहे, एवढं पक्कं धरा. वर फरक, खाली हेलकावा.

टी = (नमुन्याची सरासरी − दाव्यातली सरासरी) ÷ प्रमाण त्रुटी

प्रमाण त्रुटी, म्हणजे ज्याला वर्गात स्टँडर्ड एरर म्हणतो ते, म्हणजे एवढ्या आकाराच्या नमुन्याची सरासरी आपली आपण साधारण किती हलते याचा अंदाज. नमुन्याचं प्रमाण विचलन (एस), म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेत त्याचं माप, घ्यायचं आणि त्याला पाकिटांच्या संख्येच्या वर्गमुळानं भागायचं. टी २ आला तर फरक नेहमीच्या हेलकाव्याच्या दुप्पट, ०.३ आला तर हेलकाव्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही नाही. बहुतेक मुलं वरच्या भागाकडेच बघत बसतात. टी-टेस्टमध्ये जे काही शिकण्यासारखं आहे ते खाली, छेदात आहे. पुढचे निम्मे प्रश्न छेदाचेच आहेत.

एकदा पूर्ण करून दाखवा ना.

दाखवते. वही घ्या.

नल हायपोथेसिस, म्हणजे शून्य परिकल्पना: यंत्राची खरी सरासरी ५०० आहे. पर्यायी परिकल्पना: ती ५०० नाही.

४९७पासून प्रत्येक पाकिटाचं अंतर: ०, ५, −२, २, −४, १, ४, −३, −३. बेरीज शून्य येते का बघा. नाही आली तर सरासरीच चुकलीय, पुढे जाऊच नका. वर्ग: ०, २५, ४, ४, १६, १, १६, ९, ९. बेरीज ८४. भागिले ८, नऊ नाही, म्हणजे १०.५. वर्गमूळ ३.२४, हा आपला एस. नऊचं वर्गमूळ ३, म्हणून प्रमाण त्रुटी ३.२४ ÷ ३ = १.०८. टी = −३ ÷ १.०८ = −२.७८.

आता टी टेबल. मुक्तिमात्रा ८ (वर्गात आपण डिग्रीज ऑफ फ्रीडमच म्हणतो), ५ टक्के पातळी (नल खरी असूनही ती चुकून नाकारण्याची जी शक्यता आपण चालवून घेतो ती), दोन्ही बाजू: २.३०६. आपला २.७८ चिन्ह सोडून त्याच्या पलीकडे गेला, म्हणून ५ टक्के पातळीवर नल नाकारायची. पण १ टक्क्याचा आकडा ३.३५५ आहे, तिथपर्यंत आपण पोचत नाही. म्हणजे पुरावा आहे, पण छाती ठोकून सांगावं इतका भक्कम नाही.

नऊ पाकिटं असताना ८नं का भागायचं?

वर्गात मी एक खेळ करते. एकाला म्हणते, सरासरीपासूनची आठ अंतरं तुझ्या मनानं काहीही सांग. तो सांगतो. नववं मी सांगते, आणि दर वेळी बरोबर येतं. जादू काही नाही, सगळ्यांची बेरीज शून्य व्हायलाच हवी, त्यामुळे नववं अंतर आधीच बांधलेलं असतं. मोकळी फक्त आठ. तीच मुक्तिमात्रा.

दुसरी बाजू अशी, की ४९७ ही सरासरी याच नऊ आकड्यांतून काढलेली असल्यामुळे ती त्यांना जवळचीच असणार. यंत्राची खरी सरासरी माहीत असती आणि तिच्यापासून अंतरं मोजली असती तर वर्गांची बेरीज ८४पेक्षा कमी कधीच आली नसती. म्हणजे आपण विचलन थोडं कमी मोजतो. ९ऐवजी ८नं भागल्यावर ती कमतरता भरून निघते.

इथे कॅल्क्युलेटरची मेख सांगून ठेवते. कॅसिओवर सिग्मा एक्स आणि एस एक्स अशी दोन बटणं दिसतात. सिग्मा एक्स ९नं भागतो, एस एक्स ८नं. आपल्याला एस एक्स हवा. चुकून पहिलं दाबलं तर विचलन ३.०६ येतं आणि टी −२.९५. एक टप्पा चुकला म्हणून मार्क गेले असं येऊन सांगणाऱ्या मुलांची वही उघडली की दहातल्या सात जणांचं हेच निघतं. सातचा आकडा माझा अंदाज आहे, टेस्ट लावू नका.

झेड टेस्ट आधी शिकवलीत. तिथे १.९६ होतं, इथे २.३०६ का?

झेडमध्ये समष्टीचं, म्हणजे यंत्र भरतं त्या सगळ्याच पाकिटांचं, प्रमाण विचलन माहीत आहे असं धरतो. प्रत्यक्षात ते कुणाला माहीत असतं? आपण तेसुद्धा त्याच नऊ पाकिटांतून काढलं. म्हणजे अपूर्णांकाचा वरचा भाग तर हलतोच, खालचाही हलतो. कधी नशिबानं नऊच्या नऊ पाकिटं एकमेकांजवळची निघतात, एस लहान येतो आणि टी उगाच फुगतो. अशी फुगवटी लहान नमुन्यात वारंवार होते, म्हणून टीच्या वक्राची दोन्ही टोकं झेडपेक्षा जाड असतात आणि कुंपण लांब घालावं लागतं.

टेबलातला एक उभा रकाना वाचून काढा, सगळं समजेल. मुक्तिमात्रा १ असेल तर १२.७०६. दोन असतील तर ४.३०३. चारला २.७७६, आठला २.३०६, तीसला २.०४२, आणि अगदी खाली अनंताला १.९६०. म्हणजे दोनच पाकिटं मोजून भांडायला गेलात तर फरक हेलकाव्याच्या जवळजवळ तेरा पट असल्याशिवाय कुणी ऐकणार नाही. तिसाच्या पुढे टी आणि झेड सख्खे भाऊ वाटायला लागतात, म्हणून पुस्तकात ‘नमुना ३०पेक्षा मोठा असेल तर झेड’ असं लिहिलेलं असतं. तो नियम टेबल छापील असण्याच्या काळातला आहे. आज विचलन नमुन्यातूनच काढलं असेल तर सरळ टी वापरा, नमुना तीनशेचा असला तरी काही बिघडत नाही.

पुस्तकात ‘स्टुडंट्स टी’ लिहिलंय. हा स्टुडंट कोण?

विल्यम सीली गॉसेट. डब्लिनच्या गिनेस या बिअर कारखान्यात कामाला होता. बार्ली कुठली चांगली, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) दर्जा कसा, असले प्रश्न त्याच्यापुढे, आणि प्रत्येक प्रयोगात हाताशी मोजके चार-पाच आकडे. तोवरचं संख्याशास्त्र मोठ्या नमुन्यांवर पोसलेलं. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पीअरसनकडे लंडनला जाऊन १९०६-०७मध्ये तो काही काळ राहिला, आणि १९०८ साली ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात त्याचा लेख आला. कारखान्याच्या लोकांनी स्वतःच्या नावानं काही छापायचं नाही असा नियम होता, म्हणून सही केली ‘स्टुडंट’.

मला त्यातली आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. गणित पडताळायला त्यानं ३००० गुन्हेगारांची मापं वापरली, त्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी. पोलिसांकडची जुनी नोंद होती ती. मापं पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, तुकडे पत्त्यांसारखे पिसले, आणि चार-चारचे ७५० नमुने पाडले. प्रत्येक नमुन्याची आकडेमोड हातानं! आज संगणकावर आपण जे दोन सेकंदांत करतो ते त्यानं पुठ्ठ्यांवर केलं. नंतर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरनं त्याचं गणित पक्कं केलं आणि मुक्तिमात्रांच्या भाषेत बसवलं. गॉसेटच्या मूळ लेखात आजचा टी नव्हता, त्याच्या जवळचंच एक गुणोत्तर होतं. आजचं रूप १९२०च्या दशकात आलं.

पी व्हॅल्यू ०.०२४ आली. म्हणजे नल खरी असण्याची शक्यता २.४ टक्के ना?

नाही. हे उत्तर लिहिलेलं दिसलं की माझा लाल पेन आपोआप उघडतो.

पी व्हॅल्यू काढताना सुरुवातच ‘नल खरी आहे असं धरू’ इथून होते. यंत्र बरोबर ५००वर आहे असं धरलं, आणि रोज अशीच नऊ पाकिटं उचलत बसलो, तर टी २.७८एवढा किंवा त्याहून लांब (कुठल्याही बाजूला) किती वेळा येईल? हजारात साधारण चोवीस वेळा. बस, एवढंच ती सांगते. जी गोष्ट धरून चाललो तिची शक्यता त्याच गणितातून कशी निघेल? पाऊस पडला असं धरल्यावर अंगण ओलं असण्याची शक्यता एक, आणि अंगण ओलं दिसल्यावर पाऊस पडला असण्याची शक्यता दुसरी. कुणी सडाही घातला असेल.

वन-टेल घेतलं तर २.३०६ऐवजी १.८६० चालतं. सोपं पडतं. मग तेच का नाही घ्यायचं?

सोपं पडतं म्हणूनच नाही घ्यायचं.

बाजू ठरवायची ती आकडे बघण्याआधी. ग्राहकाच्या बाजूनं तपासणारा असेल, त्याला फक्त कमी भरतंय का एवढ्याशी देणंघेणं असेल, आणि जास्त भरलं तर त्याचं काहीच म्हणणं नसेल, तर ‘५००पेक्षा कमी’ ही एकच बाजू रास्त आहे. माझ्या मामेभावाला मात्र दोन्ही बाजूंनी मार: कमी भरलं तर गिऱ्हाईक जातं, जास्त भरलं तर हळद जाते. त्याच्यासाठी दोन बाजू. आधी सरासरी ४९७ बघितली आणि मग ‘कमीचीच बाजू घेतो’ म्हणालात, तर कागदावर ५ टक्के लिहिलेलं असलं तरी चुकीची खरी शक्यता १० टक्के झाली, कारण ५०३ आली असती तर तुम्ही दुसरी बाजू घेतली असती. दोन्ही डगरींवर हात.

टी लहान आला, नल नाकारता आली नाही. म्हणजे नल सिद्ध झाली?

विहिरीत पोहरा सोडला आणि पाणी लागलं नाही. विहीर कोरडी आहे, की दोर आखूड आहे?

नमुना लहान असणं म्हणजे दोर आखूड असणं. समजा नऊऐवजी पहिली चारच पाकिटं मोजली असती: ४९७, ५०२, ४९५, ४९९. सरासरी ४९८.२५, टी −१.१७ येतो, टेबल सांगतं ३.१८२. नल नाकारता येत नाही. यंत्र तेच, दिवस तोच. म्हणून उत्तरात ‘नल स्वीकारली’ लिहू नका, ‘नल नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही’ लिहा. वाक्य लांब आहे, पण खरं आहे.

पेअर्ड टी-टेस्ट कधी आणि साधी कधी? इथेच गोंधळ होतो.

गोंधळ इथे होतोच, आणि महाग पडतो. म्हणून याला जरा वेळ देऊ.

शेतकऱ्यानं घरी काट्यावर हळदीची सहा पोती मोजली आणि नेली. व्यापाऱ्याच्या काट्यावर तीच पोती पुन्हा मोजली. (आकडे मी वर्गासाठी बनवलेले आहेत, कुणाच्या अंगावर घेऊ नयेत.)

घरी: ४८.२, ५१.५, ५३.१, ४९.४, ५२.३, ५०.३ किलो
तिकडे: ४८.०, ५१.०, ५३.०, ४९.०, ५२.०, ५०.० किलो

सरासरी ५०.८ आणि ५०.५. फरक ०.३ किलो.

आता हे दोन वेगळे गट आहेत असं समजून साधी दोन नमुन्यांची टेस्ट लावली तर छेदात काय जातं? पोत्यापोत्यातला फरक. एक पोतं ४८चं, एक ५३चं. त्या हेलकाव्यापुढे ०.३ किलो दिसतच नाही. प्रमाण त्रुटी १.०७ येते आणि टी ०.२८. ‘काट्यांत काही फरक नाही’ म्हणून आपण घरी.

पण पोती तीच आहेत ना? मग पोत्यापोत्यातला फरक मध्ये आणायचाच कशाला? प्रत्येक पोत्याचा फरक काढा: ०.२, ०.५, ०.१, ०.४, ०.३, ०.३. आता दोन रकाने उरले नाहीत, एकच रकाना उरला, आणि त्याची सरासरी शून्य आहे का एवढाच प्रश्न. सरासरी ०.३, एस ०.१४१, प्रमाण त्रुटी ०.०५८, टी ५.२. मुक्तिमात्रा ५, टेबलात २.५७१. दुप्पट पलीकडे गेला.

वरचा आकडा दोन्हीकडे तोच, ०.३. बदलला तो छेद. म्हणून पेपरात प्रश्न वाचताना सूत्र आठवायच्या आधी स्वतःला विचारा, पहिल्या रकान्यातला तिसरा आकडा आणि दुसऱ्या रकान्यातला तिसरा आकडा यांचं काही नातं आहे का? तेच पोतं, तोच विद्यार्थी आधी आणि नंतर, त्याच द्राक्षबागेतल्या शेजारच्या दोन ओळी, असं असेल तर पेअर्ड. दुसरा रकाना वरखाली उलटापालटा केला तरी काही बिघडत नसेल, तर साधी.

एक बारकावा: पेअर्ड केल्यावर मुक्तिमात्रा १०वरून ५वर येतात, कुंपण थोडं लांब जातं. जोडी खरी असेल तर हा सौदा बहुतेक वेळा परवडतो. ओढूनताणून लावलेली असेल तर नाही.

दोन वेगळे गट असतील तर ‘पूल्ड’ की ‘वेल्च’?

वेल्च. दोन्ही गटांचं विचलन सारखंच आहे हे ठाऊक असण्याचं काही कारण असेल तरच पूल्ड. विचलन वेगळं आणि गटांचे आकारही वेगळे असले तर पूल्ड टेस्ट फसवते. बी. एल. वेल्चचा उपाय १९४७चा आहे, त्यात मुक्तिमात्रा अपूर्णांकात येते (७.४ वगैरे), घाबरू नका. पेपरात ‘समान विचलन धरा’ असं लिहिलेलं असेल तर अर्थातच पूल्ड, परीक्षकाशी वाद घालायचा नाही.

विषय निघालाच आहे तर आपल्या भागातल्या माणसाचं नाव सांगते. विचलन वेगळं असताना दोन सरासऱ्यांची तुलना कशी करायची, या कोड्याला बेरेन्स-फिशर समस्या म्हणतात, आणि त्यावर अजून सगळ्यांचं एकमत नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनला संख्याशास्त्र शिकले, आणि १९३८ साली ‘संख्या’ या नियतकालिकात त्यांनी फिशर-बेरेन्स कसोटीवर लेख लिहिला, तिचे तक्ते केले. पुढे ते जागतिक अन्न आणि कृषी संघटनेत गेले आणि पोषणावरच्या कामासाठी ओळखले गेले. खटाव तालुक्यातून येणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘मॅडम, बुध आमच्या शेजारी, आम्हाला कुणी सांगितलंच नाही.’

आकडे नॉर्मल नसतील तर टी-टेस्ट चालते का?

नॉर्मल म्हणजे घंटेच्या आकाराच्या वक्रासारखे पसरलेले. थोडंफार वाकडं असेल तर चालते. टी बराच सोशिक आहे, नमुना जरा मोठा असला की आणखीनच. त्याला सोसत नाही ते एखादं लांब जाऊन पडलेलं मूल्य.

मागच्या वर्षी वर्गात हीच नऊ पाकिटं दिली होती. एकाचं उत्तर आलं टी −१.६५, नल नाकारता येत नाही. पायऱ्या सगळ्या बरोबर. शेवटी सापडलं, की शेवटच्या ४९४च्या जागी त्यानं ४६४ दाबलं होतं. आता गंमत बघा. पाकीट तीस ग्रॅमनं आणखी हलकं झालं, सरासरी ४९३.६७पर्यंत घसरली, म्हणजे ‘यंत्र कमी भरतंय’ हा संशय वाढायला हवा. पण टी उलट लहान झाला! कारण त्या एका आकड्यानं एस ३.२४वरून ११.५३वर नेला. वरचा भाग दुपटीनं वाढला, छेद साडेतीन पटीनं. त्यानं मला दोनदा विचारलं, ‘जास्त हलकं झाल्यावर पुरावा कमी कसा?’ मी फळ्यावर नऊ ठिपके काढून दाखवले: आठ एका जागी, एक पार भिंतीजवळ. मग पटलं.

म्हणून टेस्टच्या आधी ठिपके काढा. वहीच्या समासात काढलेले चालतील.

नमुना ‘रँडम’ हवा म्हणतात. तेवढं पाळलं नाही तर?

बाकी सगळं बरोबर करून उपयोग नाही. सलग भरलेली नऊ पाकिटं एकाच ओळीतून उचलली तर ती एकमेकांची भावंडं असतात: त्या पाच मिनिटांत यंत्राचा गळा चोंदला असेल तर नऊच्या नऊ हलकी. कागदावर नऊ, माहिती एकाएवढी. प्रमाण त्रुटी खोटी लहान येते आणि टी खोटा मोठा. मामेभावानं दिवसभरातून अधूनमधून पाकिटं काढली होती हे त्याचं शहाणपण. मार्केट यार्डात पोत्याच्या तोंडाशी हात घालून मूठभर हळकुंडं बघणारा आणि पोकळ सळई आतपर्यंत खुपसून नमुना काढणारा, दोघांच्या भावात फरक का पडतो ते यार्डातल्या कुठल्याही हमालाला ठाऊक असतं.

५ टक्के कुणी ठरवले?

फिशरनं. १९२५च्या आपल्या पुस्तकात विसात एक ही मर्यादा सोयीची म्हणून त्यानं वापरली, आणि ती रूढ झाली. निसर्गाचा नियम नाही. ०.०४९ला पेढे आणि ०.०५१ला रडगाणं, असं करू नये.

आणखी एक. वीस वेगवेगळ्या टेस्ट केल्या आणि प्रत्यक्षात कुठेच काही फरक नसला, तरी एखादी तरी ‘सिग्निफिकंट’ (५ टक्के पातळीवर नल नाकारणारी) निघण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. एम.बी.ए.च्या प्रोजेक्टमध्ये चाळीस प्रश्नांच्या फॉर्मवर चाळीस टेस्ट लावून जे तीन सापडले तेवढेच छापणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

टी मोठा म्हणजे फरक महत्त्वाचा, असं ना?

नाही. नमुना चौपट केला की, बाकी सगळं तेच राहिलं तर, टी दुप्पट होतो. हजार पाकिटं मोजलीत तर अर्ध्या ग्रॅमचा फरकही ‘सिग्निफिकंट’ येईल. महत्त्वाचं आहे का ते ज्याचं पोट त्यावर आहे त्याला विचारा. इथे ३ ग्रॅम म्हणजे ०.६ टक्के, गृहिणीला आमटीत कळणारही नाही. पण दहा हजार पाकिटांमागे तीस किलो हळद होते, आणि तीस किलो सगळ्यांनाच कळते.

म्हणून टीच्या जोडीला ९५ टक्क्यांचा पट्टा (कॉन्फिडन्स इंटरव्हल, खरी सरासरी कुठून कुठवर असू शकते त्याचा अंदाज) द्या: ४९७ ± २.३०६ × १.०८, म्हणजे साधारण ४९४.५ ते ४९९.५. त्यात ५०० नाही, हेच टेस्टनंही सांगितलं होतं. शिवाय किती कमी तेही कळतं. मला विचाराल तर टेस्टपेक्षा पट्टा जास्त बोलतो.

एक्सेलमध्ये एका नमुन्याची टी-टेस्ट सापडत नाही.

टी डॉट टेस्ट या फंक्शनला दोन रकाने लागतात, म्हणून. जुगाड असा: शेजारच्या रकान्यात नऊही ओळींत ५०० भरा, टेल्स २, टाइप १ (म्हणजे पेअर्ड). पी व्हॅल्यू ०.०२४च्या आसपास येईल. टाइप २ पूल्ड, टाइप ३ वेल्च. विचलनासाठी एसटीडीईव्ही डॉट एस, शेवटी पी असलेलं नाही. ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणक-प्रणाली वापरणाऱ्यांना दोन गटांसाठी काही न सांगता वेल्चच मिळते.

पेपरात निष्कर्ष कसा लिहायचा?

‘नल रिजेक्टेड’ एवढ्यावर थांबू नका. यंत्राची भाषा करा: “९ पाकिटांची सरासरी ४९७ ग्रॅम, टी = −२.७८, मुक्तिमात्रा ८. ५ टक्के पातळीवर, यंत्राची सरासरी भरणी ५०० ग्रॅम आहे हा दावा नाकारावा लागतो. भरणी कमी होत असल्याचं दिसतं.” दोन-तीन ओळी पुरतात.

मॅडम, त्या यंत्राचं पुढे काय झालं?

हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही, पण दर वर्षी येतो. मामेभावानं भरणी ३ ग्रॅमनं वर सरकवली आणि आठवड्यानं पुन्हा नऊ पाकिटं घेऊन आला. सरासरी ५०१, एस ३.३, टी ०.९१. त्याचा चेहरा खुलला. ‘म्हणजे ताई, आता बरोबर पाचशे?’ मी त्याला पट्टा काढून दिला: ४९८.५ ते ५०३.५. त्यानं कागदाकडे बघितलं, मग ओट्यावरच्या पाकिटांकडे. ‘म्हणजे अजून दीड ग्रॅम कमीही असू शकतं, साडेतीन जास्तही.’ आणि पुढच्या खेपेला तो अठरा पाकिटं घेऊन आला. ओट्यावर जागा नव्हती, जेवणाच्या टेबलावर मांडली.